बायॉस अपडेटनंतर पडदा काळा: बोर्ड गेला असं ठरवण्याआधी

बायॉस (संगणक सुरू करणारा, मदरबोर्डच्या चिपमध्ये साठवलेला मूळ प्रोग्रॅम) अपडेट केल्यावर संगणक उठला नाही, की मदरबोर्ड गेला असं लगेच धरू नका. पुष्कळदा फर्मवेअर (म्हणजे हाच चिपमधला प्रोग्रॅम) नीट लिहिलं गेलेलं असतं, फक्त जुन्या सेटिंग्ज पुसल्या जाऊन सगळं डिफॉल्टवर आलेलं असतं. त्यामुळे अपडेट अजून चालू आहे, सेटिंग्ज गेल्यात, की चिपमधला मजकूरच बिघडलाय, हे आधी ओळखायचं. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि पहिल्या प्रकारात घाईने वीज तोडली, तर तुम्ही स्वतःहून तिसऱ्या प्रकारात जाता.

आधी अपडेट करण्यापूर्वीची काळजी; सुरुवात फाइलपासून. विंडोजच्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये बेसबोर्ड प्रॉडक्ट आणि बायॉस व्हर्जन बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. एकाच नावाच्या बोर्डाच्या रिव्हिजन १.० आणि १.१ साठी वेगवेगळ्या फाइल असू शकतात, आणि रिव्हिजन बोर्डाच्या कोपऱ्यावर छापलेली असते. फाइल उत्पादकाच्या त्याच मॉडेलच्या पानावरून घ्या आणि सोबतची टीप वाचा. काही आवृत्त्यांच्या आधी मधली एक आवृत्ती टाकावी लागते, काहींवरून मागे येता येत नाही. ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हा सल्लाही सरसकट धरू नका. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधल्या व्होल्टेजच्या दोषावरचा ०एक्स१२बी हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) २०२४ मध्ये बायॉस अपडेटमधूनच आला, तिथे अपडेट टाळणंच महागात पडतं.

‘फाइल सापडत नाही’ किंवा ‘ही फाइल चालणार नाही’ असं आलं, तर बहुतेकदा दोष पेनड्राइव्हचा असतो. ३२ जीबी किंवा त्याहून लहान घ्या, फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, झिप उघडून आतली फाइल थेट मुळाशी ठेवा, फोल्डरमध्ये नको. डेस्कटॉपवर विंडोजमधून फ्लॅश करण्यापेक्षा बायॉसमधलंच ईझी फ्लॅश, एम-फ्लॅश किंवा क्यू-फ्लॅश वापरा. त्याआधी ओव्हरक्लॉक (प्रोसेसरचा वाढवलेला वेग) आणि एक्सएमपी (रॅमचा वाढवलेला वेग) बंद करा. फाइल आधी रॅममध्ये वाचली जाते, आणि रॅम अस्थिर असेल तर चुकीचे बाइट चिपवर जाऊ शकतात. लॅपटॉप चार्जरला लावलेला आणि बॅटरी पुरेशी भरलेली हवी.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर कंट्रोल पॅनलमधून ‘सस्पेंड प्रोटेक्शन’ करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की दुसरीकडे उतरवून ठेवा. फर्मवेअर बदललं की टीपीएममधली (किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षा चिपमधली) मोजमापं बदलतात आणि विंडोज ही की मागतं. एएमडीच्या बोर्डांवर ‘एफटीपीएम एनव्ही करप्टेड’ (प्रोसेसरमधल्या टीपीएमची साठवण बिघडली) असा संदेश येऊन वाय किंवा एन दाबायला सांगितलं जातं. की हाताशी नसेल तर वाय दाबू नका, त्याने टीपीएममधल्या किल्ल्या पुसल्या जातात.

आता अडकलेलं अपडेट. टक्केवारी थांबली, पंखे जोरात फिरले, पडदा दोन-तीनदा गेला, तरी निदान अर्धा तास हात लावू नका. लॅपटॉपमध्ये बायॉससोबत एम्बेडेड कंट्रोलरचं (कीबोर्ड, पंखे, चार्जिंग सांभाळणाऱ्या चिपचं) आणि मॅनेजमेंट इंजिनचं (इंटेलच्या चिपसेटमधल्या छोट्या प्रोसेसरचं) फर्मवेअरही लिहिलं जाऊ शकतं, आणि मध्ये रीस्टार्ट होणं त्यातलाच भाग असतो. डीडीआर५ असेल तर अपडेटनंतरच्या पहिल्या सुरुवातीला मेमरी ट्रेनिंगला (बोर्ड रॅमशी वेग-वेळ जुळवून घेतो त्याला) कित्येक मिनिटं लागू शकतात. बोर्डावरचा ‘डीरॅम’ दिवा पेटलेला आणि पडदा काळा, हे तेव्हा बिघाडाचं लक्षण नसतं.

एवढं थांबूनही काही नाही? मग सीमॉस (बायॉसच्या सेटिंग्ज साठवणारी जागा) साफ करा. पॉवर सप्लायचा स्विच बंद करून वायर काढा, पॉवर बटण १०-१५ सेकंद दाबून धरा, आणि सीएलआरटीसी किंवा जेबॅट१ लिहिलेल्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने ५-१० सेकंद जोडा. पिना नसतील तर सीआर२०३२ बॅटरी दहा मिनिटं काढून ठेवा. नंतर रॅमची एकच पट्टी लावून बघा, चार स्लॉटच्या बोर्डावर सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये.

पडदा आला पण विंडोज नाही, तर बायॉसमधला स्टोरेज मोड (डिस्क बोर्डाशी कशी बोलते ते: एएचसीआय, रेड किंवा व्हीएमडी) तपासा. ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आधी रेड किंवा व्हीएमडी असलेलं एएचसीआयवर गेलं, किंवा उलट. बूट यादीत डिस्कच नसेल आणि ती एमबीआर (जुन्या पद्धतीने विभागलेली) असेल, तर सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करू देणारी सेटिंग) परत चालू करा.

चिपमधला मजकूरच बिघडला असेल आणि बोर्डाला फ्लॅशबॅक बटण (पेनड्राइव्हवरून थेट बायॉस लिहिणारं) असेल, तर प्रोसेसर आणि रॅमशिवायही काम होतं. २४ पिनांचा आणि प्रोसेसरचा पॉवर कनेक्टर लावा, पेनड्राइव्ह खूण केलेल्या पोर्टमध्येच घाला, फाइलचं नाव मॅन्युअलमध्ये दिल्याबरहुकूम बदला (एमएसआयला एमएसआय.रॉम, गिगाबाइटला गिगाबाइट.बिन, असुसच्या झिपमध्ये नाव बदलणारा प्रोग्रॅम असतो). असुसच्या बोर्डावर बटण तीन सेकंद धरल्यावर दिवा लुकलुकतो. पाच सेकंदांत तो स्थिर झाला तर फाइलचं नाव, फॉरमॅट किंवा पोर्ट चुकलंय. लॅपटॉपमध्ये एचपीला विंडोज आणि बी धरून पॉवर बटण दोन-तीन सेकंद दाबा. डेलमध्ये कंट्रोल आणि एस्केप धरून चार्जर जोडा.

हेही नाही चाललं तर बायॉस साठवणारी आठ पायांची फ्लॅश चिप प्रोग्रॅमरने (चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या उपकरणाने) क्लिप लावून लिहावी लागते. चिपवरचा क्रमांक वाचून ती ३.३ व्होल्टची की १.८ व्होल्टची ते आधी ठरवा. सीएच३४१ए या स्वस्त प्रोग्रॅमरच्या काही काळ्या बोर्डांवर डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात, ते मोजून घ्या. जुना मजकूर दोनदा वाचा, दोन्ही फाइल तंतोतंत जुळल्या तरच क्लिप नीट बसली आहे. ही प्रत जपून ठेवा: सिरियल नंबर, नेटवर्कचा मॅक पत्ता आणि लॅपटॉपची विंडोज की त्यातच असू शकते. २५क्यू१२८ ही चिप १२८ मेगाबिटची आहे, म्हणून लिहायची फाइल नेमकी १,६७,७७,२१६ बाइटची हवी. उत्पादकाची .कॅप फाइल त्याहून किंचित मोठी असते, कारण तिच्या सुरुवातीला हेडर (फाइलची माहिती देणारा जादा भाग) असतं. ते न काढता लिहिलं तर सगळा मजकूर सरकतो आणि बोर्ड उठत नाही. लिहून झाल्यावर व्हेरिफाय करा (चिपमधला मजकूर फाइलशी ताडून बघा), मगच क्लिप काढा.