जुन्या गाडीच्या काचा पावसाळ्यात धुरकट होऊ नयेत म्हणून

काचा आतून धुरकट झाल्या की बहुतेक जण काचेच्याच मागे लागतात. फडकं, फवारा, कुणीतरी सुचवलेला कापलेला बटाटा. माझं सांगणं एवढंच की आधी वाका आणि फूटमॅट उचला. जुन्या गाडीच्या काचेवर दिसणारं पाणी बऱ्याचदा तळात मुरलेलं असतं. ते तिथे आहे तोवर काच कितीही पुसा, थोड्या वेळात पुन्हा तेच. आणि हेच पाणी तळाचा पत्रा खातं, म्हणून हा विषय मला नुसता समोरचं नीट दिसण्यापुरता वाटत नाही.

माझी गाडी १९८७ ची प्रीमियर पद्मिनी, बाबांनी घेतलेली. पुण्यात कोथरूडला सोसायटीच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. एसी नाही, हीटर नाही. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांची हीच तऱ्हा, त्यामुळे हीटर लावून काच सुकवायचा परदेशी सल्ला इथे कामाचा नाही.

आपल्या पावसाळ्यात हवा २४ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, साधारण २२ अंशांवर येतो. म्हणजे काच हवेपेक्षा जेमतेम दोन अंशांनी गार झाली की पुरे. त्यात चार माणसांचा श्वास, भिजलेले रेनकोट आणि पायाखालचा ओला नमदा, म्हणजे पत्र्यावर अंथरलेलं जाड अस्तर. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तोच प्रकार, फक्त इथे आतून.

म्हणून पहिलं काम गळती शोधण्याचं. जरा उघडीप मिळाली की सगळे मॅट, नमदे काढा, पत्रा पुसून कोरडा करा आणि त्यावर वर्तमानपत्र अंथरा. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी सोडायचं. जोराचा फवारा नको, साधी धार. सुरुवात खालून करायची: आधी दाराचा खालचा भाग, मग दाराच्या काचा, मग पुढच्या काचेचं रबर, टप सगळ्यात शेवटी. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. संशयाच्या जागी आतल्या बाजूने खडू घासून ठेवा. पाण्याचा एक थेंब जरी आला तरी खडूवर त्याची काळपट वाट उमटते.

पुढच्या काचेच्या रबराचे खालचे दोन कोपरे, वायपरच्या दांड्यांभोवतीचे वॉशर, डिकीचं रबर आणि मागच्या दिव्यांची गॅस्केट हे नेहमीचे संशयित. काचेचं रबर कडक होऊन चिरलं असेल तर बदलाच. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत चौकशीला जाताना जुन्या रबराचा तुकडा सोबत न्या, तोंडी वर्णनावर भलतंच गळ्यात पडतं. रबर अजून मऊ असेल तर त्याच्या ओठाखाली कधीही न सुकणारं विंडस्क्रीन सीलंट भरून घ्या. आंबूस वास येणारं सिलिकॉन मात्र लावू देऊ नका. त्यातून सुटणारं आम्ल उघड्या पत्र्याला गंज आणतं.

दारांकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. काच खाली जाते त्या फटीतून पाणी दाराच्या पोटात जाणारच, तशी रचनाच आहे. ते तळाच्या भोकांतून बाहेर पडायला हवं. ही भोकं चिखलाने किंवा गंजरोधक रंगाच्या थराने बुजतात. तार खुपसू नका, रंग खरवडला जातो. नायलॉनची केबल टाय आत-बाहेर फिरवा. माझ्या गाडीच्या एका दारातून तर वाळलेल्या पानांचा चुरा आणि मग कपभर गढूळ पाणी आलं होतं. दाराच्या आतल्या पॅडमागे प्लास्टिकचा कागद असतो, तोही तपासा. काच चढवायच्या मशीनचं काम करताना तो फाडला जातो आणि परत कुणी लावत नाही. बोहरी आळीतून जाड प्लास्टिक आणा, ब्युटाइलच्या चिकट पट्टीने चिकटवा आणि खालची कड दाराच्या पोटात वळवा, म्हणजे ओघळणारं पाणी पुन्हा दारातच पडेल.

गळती थांबली की वाळवणं. नमदा गाडीत वाळत नाही, गच्चीवर उन्हातच टाकावा लागतो. मी तर जूनमध्ये तो काढूनच ठेवते आणि दसऱ्यानंतर परत घालते. मधल्या काळात नुसते रबरी मॅट, तेही संध्याकाळी उचलून उभे करायचे. ओली छत्री डिकीत, पिशवीत घालून.

सिलिका जेल उपयोगी आहे, पण बंद गाडीतली उरलीसुरली ओल टिपण्यापुरतंच. रंग बदलला की जुन्या, स्वयंपाकातून बाद केलेल्या तव्यावर मंद आचेवर तापवून घ्या. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, म्हणून रोजच्या भांड्यात नको. दमट कपाटात ठेवायचे पाणी साठवणारे डबे गाडीत अजिबात ठेवू नयेत. ते खारं पाणी वळणावर सांडलं की पत्र्याचं वाटोळं.

आता काच. उन्हात तापलेल्या रेक्झिनमधून आणि डॅशबोर्डमधून निघणारा तेलकट अंश काचेवर आतून बसतो आणि वाफ तिथे घट्ट धरते. साबणाच्या पाण्याने धुवा, स्वच्छ पाण्याने पुसा, मग स्पिरिट. त्यावर दाढीच्या फेसाचा सुपारीएवढा गोळा चोळून काच पूर्ण पारदर्शक होईतो सुती फडक्याने पुसा. त्याने वाफेचे थेंब न होता पातळ थर पसरतो आणि पलीकडचं दिसत राहतं. थोड्या दिवसांनी परत लावावं लागतं. हाताच्या तळव्याने काच कधीच पुसू नका.

गाडी चालवताना पद्मिनीची तिकोनी काच, म्हणजे पुढच्या दाराच्या कोपऱ्यातली फिरणारी छोटी काच, ही मोठी सोय आहे. ती जराशीच तिरपी उघडली तर गाडी वेगात असताना आतली दमट हवा बाहेर ओढली जाते आणि पाणीही फारसं येत नाही. पूर्ण फिरवली तर बाहेरची हवा, आणि पाऊसही, सरळ अंगावर. मुळशीच्या रस्त्याला झड लागलेली असताना मी दोन्ही बाजूंच्या तिकोनी काचा बोटभर उघड्या ठेवते आणि डॅशबोर्डवरचा बारा व्होल्टचा छोटा पंखा समोरच्या काचेकडे वळवते. निघण्याआधी चारही दारं जरा वेळ उघडी ठेवायची.

थंडीत वेगळा त्रास. डिसेंबर-जानेवारीत उघड्या आभाळाखालची गाडी रात्री हवेपेक्षाही गार होते आणि दोन्ही बाजूंनी दहिवर धरतं. छपराखाली किंवा निदान झाडाखाली लावा. रेक्झिनचं कव्हर ओल आतच कोंडतं. छपराखाली सुती कव्हर बरं, आणि तेही गाडी कोरडी असेल तरच घाला.