अँटिबायोटिकनंतर लागलेली हगवण: या चुका टाळा

दाढ काढली, लघवीला जळजळ झाली किंवा पायाच्या जखमेत पू झाला म्हणून अँटिबायोटिक घेतले. मूळ दुखणे बरे झाले आणि आठ-पंधरा दिवसांनी पोट बिघडले. दिवसातून तीन, पाच, दहा वेळा पाण्यासारखी संडास, पोटात मुरडा, अंगात बारीक ताप. घरचे म्हणतात, लग्नातले जेवण बाधले असेल. गोळ्यांची आठवण कोणालाच राहत नाही.

अशी हगवण बहुतेकांना साधीच असते आणि अँटिबायोटिक संपल्यावर काही दिवसांत थांबते. पण काहींच्या मोठ्या आतड्यात क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल नावाचा जंतू माजतो. डॉक्टर त्याला थोडक्यात ‘सी-डिफ’ म्हणतात. वावरात तणनाशक मारले की बाकी सगळे जळते, पण लव्हाळा जमिनीतल्या गाठीतून पुन्हा फुटतो. तसेच इथे होते. आतड्यातले चांगले जंतू अँटिबायोटिकने मरतात, या जंतूचे बीजाणू मात्र टिकून राहतात. मोकळी जागा मिळताच ते वाढतात आणि त्यांच्या विषामुळे आतड्याला सूज येते. साठीच्या पुढची माणसे, नुकतेच दवाखान्यात भरती राहिलेले आणि किडनीचे रुग्ण यांना धोका जास्त.

आधी घेतलेल्या गोळ्या डॉक्टरांना न सांगणे

मागच्या तीन महिन्यांत घेतलेले कोणतेही अँटिबायोटिक सांगायलाच हवे. क्लिंडामायसिन, सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम, सेफ्ट्रायॅक्झोनचे इंजेक्शन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिवोफ्लॉक्सासिन, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट ही यात नेहमी सापडणारी नावे. गावाकडे गोळ्या बऱ्याचदा कागदाच्या पुडीत मिळतात, त्यामुळे नाव कळतच नाही. पुडी घेतानाच नाव लिहून मागा आणि रिकामी पाकिटे महिना-दोन महिने फेकू नका. पित्तासाठी रोज पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल चालू असेल तर तेही सांगा. या गोळ्या घेणाऱ्यांत सी-डिफ जास्त आढळतो, आणि पुष्कळ लोक त्या गरज संपल्यावरही वर्षानुवर्षे घेत राहतात.

अँटिबायोटिक अजून चालू असेल तर ते बंद करायचे, बदलायचे की चालू ठेवायचे हे डॉक्टर ठरवतील. टीबीच्या गोळ्या तर स्वतःच्या मनाने अजिबात थांबवू नका.

मेडिकलमधून संडास थांबवायची गोळी आणणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. लोपेरामाइडने आतड्याची हालचाल मंदावते. सी-डिफची शंका असताना ती घेतली तर जंतूचे विष आतच साचते, आणि आतडे फुगून जिवावर बेतू शकते. संडास कमी झाली म्हणून माणूस निर्धास्त होतो, पण पोट टम्म होत जाते. म्हणून हे पक्के ध्यानात ठेवा: संडास अचानक थांबली, पोट फुगले, दुखणे वाढले आणि वारा सरेना, तर ते बरे होणे नव्हे. तडक १०८ ला फोन करा.

दुसरी नेहमीची गोळी म्हणजे ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी. ‘पोट चालते’ म्हटले की तीच हातात पडते. त्यातले ऑफ्लॉक्सासिन हे स्वतःच अशी हगवण लावणाऱ्या गटातले आहे. अँटिबायोटिकने झालेल्या दुखण्यावर न तपासता आणखी एक अँटिबायोटिक घेतले, तर आतड्यात उरलेसुरले चांगले जंतूही जातात.

गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक घेणाऱ्यांनी या दिवसांत ते बंद ठेवावे. अंगातले पाणी कमी असताना त्याने किडनीला इजा होते. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि बीपीच्या काही गोळ्यांबद्दलही डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.

चुकीची तपासणी, तीही उशिरा

तालुक्याच्या लॅबमधल्या ‘स्टूल रूटीन’मध्ये सी-डिफ दिसत नाही. त्यासाठी जीडीएच (या जंतूचे एक प्रथिन) आणि टॉक्सिन (त्याचे विष) यांची तपासणी लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या किंवा ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या आणि नागपूर, सेवाग्राम, यवतमाळ, अकोला यांपैकी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. नमुना पातळ संडासचाच हवा. तो गावातून डब्यात भरून एसटीने नेऊ नका: साध्या हवेत हे विष दोन तासांतच नाहीसे होऊ लागते, मग आपल्याकडच्या मे महिन्यात काय होईल! आजार असूनही रिपोर्ट ‘नाही’ म्हणून येतो. शक्यतो तिथे जाऊनच नमुना द्या. नाहीच जमले तर बर्फाच्या डब्यात ठेवून न्या.

औषध अर्धवट सोडणे

डॉक्टर बहुधा तोंडाने घ्यायचे व्हॅन्कोमायसिन देतात: १२५ मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, १० दिवस. म्हणजे ४० कॅप्सूल. लहान गावच्या मेडिकलमध्ये त्या सहसा नसतात, म्हणून शहरातून निघण्याआधी सगळ्या मोजून घ्या. चौथ्या-पाचव्या दिवशी संडास बांधून होऊ लागते आणि इथेच लोक थांबतात. तसे करू नका. व्हॅन्कोमायसिनची सलाईन ‘जोरदार’ म्हणून मागू नका. शिरेतून दिलेले हे औषध आतड्याच्या पोकळीत जवळजवळ पोहोचतच नाही, सी-डिफसाठी ते पोटातूनच जावे लागते. फिडॅक्सोमायसिन मिळाले तर उत्तम, त्याने आजार उलटण्याचे प्रमाण कमी राहते. मेट्रोनिडाझोल आता सौम्य आजारात आणि दुसरे काही मिळत नसेल तेव्हाच.

ओआरएस अंदाजाने करणे

मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, छोटे २०० मिलिलिटरमध्ये. अर्धे पाकीट ग्लासात टाकले तर मीठ जास्त होऊन उलट नुकसान होते. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, ५ मिलिलिटरचा. २४ तासांनी उरलेले ओतून द्या. मोठ्या माणसाला प्रत्येक संडासनंतर एक-दोन ग्लास द्या. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. डब्यातले गोड फळरस ओआरएसच्या जागी चालत नाहीत. किडनीच्या किंवा हृदयाच्या रुग्णाने किती प्यायचे ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. उन्हाळ्यात लघवी सहा-आठ तास झाली नाही, उभे राहिल्यावर चक्कर आली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला तर घरी थांबू नका.

सॅनिटायझरवर विसंबणे

बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. साबण आणि वाहते पाणी घेऊन हात चोळून धुवा, म्हणजे ते वाहून जातात. रुग्णाने वापरलेला संडास, टमरेल, नळाची तोटी आणि कडी आधी धुण्याच्या पावडरने धुवा, मग ग्रामपंचायत विहिरीत टाकते त्या टीसीएल पावडरचे पाणी लावा. प्रमाण एक लिटरला साधारण १५ ग्रॅम. ढवळा, गाळ बसू द्या, वरचे पाणी वापरा आणि पुसण्याआधी दहा मिनिटे राहू द्या. पावडर ताजी हवी. उघडी पडलेली जुनी पावडर निकामी होते. संडास धुवायचे ॲसिड यात चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. संडास थांबून दोन दिवस होईपर्यंत रुग्णाने स्वयंपाकाला हात लावू नये.

खाण्याची घाई, किंवा उपासच

उपाशी ठेवू नका. मऊ भात, साधे वरण, मुगाची खिचडी, केळी, ज्वारीच्या पातळ कण्या चालतात. दूध काही दिवस पचत नाही, ताजे पातळ ताक चालते. ताकाने जंतू मरत नाही, त्यामुळे ते औषधाच्या जागी देऊ नका. ठेचा, तर्रीची भाजी, रोडग्यांचे जेवण हे पोट आठवडाभर स्थिर राहिल्यावर. प्रोबायोटिक कॅप्सूल प्रत्येकाला लागतातच असे नाही. कॅन्सरच्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांना त्या डॉक्टरांशिवाय देऊ नका.

बरे झाल्यावरच्या चुका

संडास बांधून होत असताना ‘जंतू गेला का’ म्हणून पुन्हा तपासणी करू नका. ती कित्येक आठवडे ‘आहे’ म्हणून येऊ शकते आणि विनाकारण दुसरा कोर्स सुरू होतो. अधूनमधून एखादी पातळ संडास, ताप नाही, भूक आहे, अशी स्थिती काही आठवडे राहू शकते. पण दिवसातून तीन किंवा जास्त वेळा पाण्यासारखी संडास सुरू झाली तर आजार उलटला असे समजा. साधारण पाचातल्या एकाला तो उलटतो, बहुधा पहिल्या आठ आठवड्यांत. जुन्या चिठ्ठीवर तेच औषध आणू नका. दुसऱ्या खेपेला औषध किंवा त्याची पद्धत बदलतात, कधी व्हॅन्कोमायसिन हळूहळू कमी करत कित्येक आठवडे देतात. वारंवार उलटणाऱ्यांसाठी निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू आतड्यात सोडण्याचा उपचारही असतो, त्याची चौकशी मोठ्या रुग्णालयात करावी.

आजाराचे नाव आणि तारीख दवाखान्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे सर्दी-खोकल्यासाठी कोणी अँटिबायोटिक देऊ लागले तर आधी ते पान दाखवा.