व्हायोलंट फेम्स ऐकायला घेताना

व्हायोलंट फेम्स हा तिघांचा अमेरिकन बँड. सुरुवात १९८३च्या पहिल्या अल्बमपासूनच करा, त्याला बँडचंच नाव आहे. मी उलट्या क्रमानं गेलो आणि दोन वर्षं या तिघांचं कौतुक कशाला, हेच कळेना.

हेडफोन लावा. पहिल्या खेपेला गॉर्डन गॅनोच्या कुरकुरत्या आवाजाकडे दुर्लक्ष करा, कान ब्रायन रिचीच्या बेसवर ठेवा. बेस अकूस्टिक, म्हणजे विजेविना वाजणारा आहे आणि साथीला थांबत नाही, पुढेपुढे करतो. मग ड्रम. व्हिक्टर डीलोरेन्झो ब्रशनं वाजवतो, आणि टॉम नावाच्या ड्रमवर पत्र्याची टोपली पालथी घालतो. तिचं नाव ट्रान्सअफोन. पटत नसेल तर डब्यावर घमेलं पालथं घालून रंगाच्या ब्रशनं वाजवून बघा. मी बघितलं. खालच्या काकू चप्पल न घालताच वर आल्या.

एवढं कमी सामान का? कारण हे अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या फुटपाथवर वाजवायचे. २३ ऑगस्ट १९८१ला ओरिएंटल थिएटरबाहेर वाजवताना त्या रात्री आत वाजवणाऱ्या प्रिटेंडर्स या बँडच्या गिटारवादक जेम्स हनीमन-स्कॉटनं त्यांना ऐकलं, आणि त्याच बँडची गायिका क्रिसी हाइंडनं त्याच रात्री आत स्टेजवर बोलावलं. तरी अल्बमसाठी डीलोरेन्झोच्या वडिलांकडून १०,००० डॉलर उसने घ्यावे लागले. पुढे तो स्लॅश रेकॉर्ड्सनं काढला आणि कॅसेटमागून कॅसेट खपत १९९१ला प्लॅटिनम, म्हणजे अमेरिकेत दहा लाख प्रतींचा, झाला.

आता १९८४चा दुसरा. गॅनो बाप्टिस्ट पाद्र्याचा मुलगा, हे लक्षात ठेवून लावा. बॅन्जो, गॉस्पेल म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं, अंगावर येणाऱ्या गोष्टी. हा मात्र रात्री, दिवा मालवून.