उंची आधी मोजा, तिकीट मग काढा: दिवाळीच्या सुट्टीतली थीम पार्कची सहल

सहामाहीचा शेवटचा पेपर झाला की आमच्या ठाण्यातल्या बिल्डिंगखाली दरवर्षी तोच विषय निघतो: मुलांना खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला न्यायचंय, काय काय करायचं? मग जो तो आपल्या आवडीच्या राइडचं नाव सांगतो. ही चुकवू नका, ती तर सोडूच नका. मुलांची उंची किती, हे मात्र कुणीच विचारत नाही. माझी दोन मुलं, भावाची दोन आणि कधी शेजारची एखाददोन घेऊन मी इतक्या वेळा अशा सहली केल्यात की आता मला हे सल्ले ऐकवत नाहीत. सहल ठरवायची ती बरोबरच्या सगळ्यांत बुटक्या मुलाच्या उंचीवरून. राइडची नावं त्यानंतर बघायची.

दिवस कोणता?

सहामाही संपल्यापासून वसुबारसेपर्यंतचे मधले दिवस, आणि त्यातही मंगळवार ते गुरुवार. त्या दिवसांत घरोघरी चकल्या-करंज्या चाललेल्या असतात, खरेदी उरकायची असते, त्यामुळे सहलीला फारसं कुणी बाहेर पडत नाही. भाऊबीज झाली की सगळ्यांनाच मोकळा वेळ मिळतो आणि रांगा वाढतात. फराळाचं काय, असं सासूबाई विचारतील. एक दिवस आधी किंवा नंतर करा, फराळ कुठं पळून जात नाही.

दिवाळी लवकर आहे की उशिरा, हेही बघा. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे. या अठरा दिवसांनी हवा पार बदलते. मुंबई परिसरातून मोसमी पाऊस माघारी फिरायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे, पण परतीचा पाऊस पुढेही रेंगाळतो. त्याची रीत ठरलेली असते: सकाळी लख्ख ऊन, दुपारी ढग जमतात, संध्याकाळी गडगडाट आणि विजा. विजा चमकायला लागल्या की उघड्यावरच्या उंच राइड थांबवतात, आणि ते योग्यच आहे. म्हणून दिवाळी ऑक्टोबरात असेल तर उघड्यावरचं सगळं सकाळी आणि छपराखालचं दुपारी, असाच क्रम ठेवा. ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी एक वाजता तापलेल्या फरशीवर रांग लावणं मुलांना झेपत नाही. नोव्हेंबरात ऊन सोसण्याजोगं असतं, पण संध्याकाळी सहाच्या सुमारास अंधारायला लागतं.

आधी एक रंगीत तालीम

मूल सहा वर्षांच्या आतलं असेल तर आधी एका रविवारी नेरूळच्या वंडर्स पार्कला किंवा मानपाड्याच्या टिकुजीनीवाडीला नेऊन आणा. पाळणा वर गेल्यावर ते हसतं की तुमचा दंड घट्ट पकडतं, एवढं दिसलं तरी पुरे.

उंचीचं प्रकरण

आता मी जिथं स्वतः चुकले होते, त्या टप्प्याकडे वळते.

माझी थोरली तेव्हा दहा वर्षांची होती, धाकटा सहाचा. एका पार्कमध्ये आत शिरल्या शिरल्या आम्ही सगळ्यांत मोठ्या राइडकडे धावलो, कारण सगळ्यांनी तसंच सांगितलं होतं. पंचावन्न मिनिटं रांगेत काढली. नंबर आला तेव्हा तिथल्या मुलानं धाकट्याला काठीशी उभं केलं. दोन बोटं कमी. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, माझं काय चुकलं?" रांगेत उभं राहिल्याचं मला काही वाटलं नाही, पण ते वाक्य आजही आठवतं. थोरलीही बसायला तयार होईना, म्हणून सगळेच माघारी फिरलो. पुढचा तासभर कुणी कुणाशी धड बोललं नाही. उंचीची पाटी रांगेच्या तोंडाशीच लावलेली होती, मी ती वाचली नव्हती.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. तिकीट काढायच्या आधी मुलांना भिंतीशी उभं करायचं. चपला काढून, टाचा भिंतीला टेकवून, नजर समोर. डोक्यावर जाड पुस्तक काटकोनात धरून पेन्सिलीनं खूण करायची आणि लोखंडी टेपनं मोजायचं. शिवणकामाची टेप वापरून सैल झालेली असते, ती नको. मागच्या दिवाळीचा आकडाही नको. या वयात मुलं वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे गेल्या वर्षी हुकलेली राइड यंदा मिळू शकते.

मग पार्कच्या वेबसाइटवरून प्रत्येक राइडची किमान उंची एका कागदावर उतरवून घ्या. कागदच घ्या, उन्हात मोबाइलचा पडदा धड दिसत नाही. प्रत्येक मुलाच्या नावापुढं तीन रकाने करा: नक्की बसेल, नक्की नाही, आणि काठावर. काठावर म्हणजे मर्यादेच्या एक सेंटिमीटर इकडे किंवा तिकडे.

या काठावरच्या रकान्याकडे विशेष लक्ष द्या. माणसाची उंची दिवसभर सारखी राहत नाही. उभं राहून, चालून पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत उंची सेंटिमीटरभर कमी भरू शकते. मुलांचंही तसंच होतं. सकाळी १२०.५ भरलेलं मूल दिवसभर पळून संध्याकाळी १२० च्या खाली जाऊ शकतं. म्हणून काठावरची राइड दिवसातली पहिली करायची, आणि रांग लावायच्या आधी तिथल्या माणसाला एकदा मोजून बघायची विनंती करायची. शक्य असेल तर ते मोजून देतात.

बुटात वर्तमानपत्र घाला, जाड सोलचे बूट चढवा, मुलीचा अंबाडा उंच बांधा, असलं सांगणारे लोक दरवर्षी भेटतात. त्यांचं अजिबात ऐकू नका. उंचीची अट धीटपणा मोजायला ठेवलेली नसते. खांद्यावरून खाली येणारा दांडा किंवा मांडीवरचा आडवा दांडा ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेला असतो. शरीर त्याहून लहान असेल तर दांडा नीट टेकत नाही, आणि गाडी उलटी होते किंवा झटक्यात थांबते तेव्हा मूल त्याच्याखालून सरकू शकतं. अंबाड्यानं केस उंच होतात, खांदा होता तिथंच राहतो. पोटच्या पोराच्या बाबतीत हा खेळ करायचा नसतो.

हे मुलांना निघायच्या आदल्या दिवशी सांगायचं. रांगेच्या टोकाला रडू फुटल्यावर सांगून उपयोग नाही. मी धाकट्याला कागद दाखवून म्हणाले होते, "सोन्या, ही खुर्ची मोठ्या मापाची आहे. ताईचा शर्ट तुला ढगळ होतो ना, तसा तिचा पट्टा तुला ढगळ होईल. या बाकीच्या सात तुझ्या मापाच्या आहेत, पहिली कुठली ते तू ठरव." त्यानं ठरवली, आणि त्या वेळी रडणं झालं नाही. मुलांना नकार चालतो, तो अचानक आलेला चालत नाही.

मोठीला मोठी राइड हवी आणि धाकटा बसू शकत नाही, तेव्हा काय करायचं? एका मोठ्या माणसानं थोरलीबरोबर जायचं, दुसऱ्यानं धाकट्याला घेऊन त्याच्या मापाच्या जवळच्या राइडवर जायचं. त्याला बाहेर कठड्याशी उभं करून बहिणीकडे बघायला लावू नका. दोन्ही मोठ्यांना बसायचं असेल तर पुन्हा पूर्ण रांग न लावता अदलाबदल करू देतात का, हे रांगेच्या तोंडाशी विचारा. लहान मुलं दोन आणि मोठं माणूस एकच, अशी सहल मात्र काढूच नका. आत्याला, मामाला, कुणालातरी बरोबर घ्या.

रांग मोजायला शिका

"साधारण अर्धा तास" या उत्तरावर विसंबू नका, स्वतः हिशेब करा. एका फेरीत किती माणसं बसतात ते बघा आणि एक फेरी सुटल्यापासून दुसरी सुटेपर्यंत किती मिनिटं जातात ते घड्याळात बघा. २० माणसं आणि दर ३ मिनिटांना फेरी, म्हणजे तासाला ४००. पुढं १५० डोकी असतील तर २२-२३ मिनिटं लागणार. एका फेरीत ८ माणसं आणि ४ मिनिटं, असं असेल तर तासाला १२० च होतात, आणि छोटीशी दिसणारी ६० जणांची रांगही अर्धा तास खाते. लहान मुलांच्या राइडवर नेमकं हेच होतं. रांग छोटी दिसते म्हणून आपण शिरतो आणि अडकतो. सहा-सात वर्षांचं मूल २५ मिनिटांच्या पुढं रांगेत टिकत नाही, हा माझा अनुभव. त्याहून जास्त भरत असेल तर दुसरीकडे जा आणि जेवणाच्या वेळी परत या, तेव्हा रांगा उतरतात. आपण स्वतः साडेअकरालाच जेवून घ्यायचं. रांगेत शिरण्याआधी प्रत्येकाला लघवीला नेऊन आणायचं, "मला नाही लागली" म्हणणाऱ्यालासुद्धा.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. घरून पोटभर पोहे खाऊन निघा, डब्यातली थालीपीठं गाडीत संपवा.

वॉटर पार्क त्याच दिवशी नको. दोन्ही तिकिटं एकत्र काढली की पैसे वाचतात असं वाटतं, प्रत्यक्षात दोन्ही अर्धी राहतात आणि मुलं ओल्या अंगानं कुडकुडतात. वॉटर पार्कच करायचा असेल तर सगळ्यांसाठी नायलॉनचे पोहण्याचे कपडे घ्या, सुती कपड्यांत पाण्यात उतरू देत नाहीत.

पायात पट्ट्याचे किंवा नाडीचे बूट हवेत. इमॅजिकातल्या नायट्रो या मोठ्या रोलर कोस्टरला पायाखाली फरशीच नसते, पाय हवेत लोंबतात, सैल चपलेचं तिथं काय होणार ते उघड आहे. राजासॉरस ही होडीची राइड भिजवते, म्हणून पिशवीत एक कोरडा जोड असू द्या. मुलांना जाता जाता सांगायला एक गोष्टही आहे: राजासॉरस हा आपल्याच देशातला डायनासोर. त्याचे अवशेष गुजरातेत सापडले आणि २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं नाव ठेवलं राजासॉरस नर्मदेन्सिस, नर्मदेवरून. हे ऐकून आलेली मुलं त्या रांगेत कंटाळत नाहीत.

अंधाऱ्या खोलीत खुर्च्या हलतात आणि समोर पडदा पळतो, अशा राइड जेवल्यानंतर तासभर टाळा. डोळ्यांना दिसतं वेगळं आणि कानातल्या तोलाच्या इंद्रियाला कळतं वेगळं, त्यामुळे मळमळतं. तरी व्हायला लागलंच तर मुलाला डोळे घट्ट मिटायला सांगा, बराच फरक पडतो.

सकाळी निघताना प्रत्येक मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांत फोटो काढा आणि खिशात तुमच्या मोबाइल नंबरची चिठ्ठी ठेवा. चुकलं तर कुठं थांबायचं ती जागा आत गेल्यावर लगेच बोटानं दाखवा.

जाणं-येणं

ठाण्याहून मी ऐरोली, तुर्भे, कळंबोली असं जाऊन एक्सप्रेसवे पकडते. मुंब्रा बायपासवर ट्रक फार असतात. वाशी-नेरूळवाल्यांना सायन-पनवेल महामार्ग सरळच आहे. दीड ते दोन तास धरा आणि दार उघडायच्या अर्धा तास आधी पोहोचा. शनिवारी सकाळी लोणावळ्याला निघालेली गर्दी खालापूर टोलपर्यंत तुंबते, शनिवार टाळायचं हेही एक कारण. खोपोलीचा फाटा चुकला की घाट चढणं आलं, म्हणून बरंच आधी डावीकडच्या लेनमध्ये या. लोकलनं जायचं तर कर्जतला गाडी बदलून खोपोली. मात्र कर्जत-खोपोली मार्गावर गाड्या कमी, परतीची वेळ आधीच बघून ठेवा.

आजी-आजोबा बरोबर असतील तर मी एक रात्र खोपोलीत मुक्काम करते. दिवसभर पार्कमध्ये बाकावर बसून त्यांचे पाय सुजतात. त्यांना सकाळी महडच्या वरदविनायकाला नेता येतं, ते जवळच आहे. आणखी वेळ असेल तर खोपोली-पाली रस्त्यानं पुढं गेलं की पालीचा बल्लाळेश्वर, म्हणजे अष्टविनायकांतले दोन होतात. संध्याकाळी पार्क बंद व्हायच्या पाऊण तास आधी निघा. सगळे एकदम बाहेर पडले की गाडी काढायलाच अर्धा तास जातो. मुलांचे कपडे तिथल्या स्वच्छतागृहातच बदलून घ्या, कारण गाडीत बसल्यावर कळंबोली यायच्या आत ती झोपलेली असतात.