लायब्ररीतला ग्लोबल सिंगलटन कसा काढावा

नाशिकच्या एका कांदा व्यापाऱ्यासाठी अ‍ॅप लिहिताय असं धरा. त्याची खरेदी लासलगावलाही होते आणि पिंपळगाव बसवंतलाही, म्हणून दोन्ही बाजार समित्यांचे भाव एकाच स्क्रीनवर हवेत. भाव आणणारी पायथन लायब्ररी तुमचीच. तिच्यात एकदा सेटअप करायचं आणि मग कुठूनही भाव मागायचा, अशी सोय. लासलगावचं सेटअप केलं, पाठोपाठ पिंपळगावचं केलं, की पहिलं पुसलं गेलं, कारण सेटअप ठेवायला अख्ख्या प्रोग्रॅममध्ये एकच सामाईक जागा आहे. हाच ग्लोबल सिंगलटन. एरर येत नाही. लासलगावच्या रकान्यात पिंपळगावचा क्विंटलचा भाव मात्र ऐटीत बसतो.

आधी झडती घ्या. मॉड्यूलच्या पातळीवर, म्हणजे फाइलमध्ये फंक्शनबाहेर, ठेवलेल्या डिक्शनरी, लिस्ट, नेटवर्क क्लायंट आणि कॅशे शोधा. क्लासवरच ठेवलेली डिक्शनरीही त्यातच मोजा, कारण ती सगळ्या ऑब्जेक्ट्सची सामाईक असते. न बदलणारे स्थिरांक खुशाल राहू द्या. सगळ्यात फसवं प्रकरण एलआरयू कॅशेचं (फंक्शनचं उत्तर साठवून, तेच इनपुट आलं की तेच परत देणारी सोय): फंक्शन फक्त तारीख घेतं आणि समितीचं नाव ग्लोबलमधून वाचतं, म्हणजे समिती बदलली तरी त्या तारखेचा जुनाच भाव परत येतो.

पायथनचे सामाईक ऑब्जेक्टही तुम्ही हलवत नाही ना, ते पाहा. लायब्ररीने रँडम मॉड्यूलचं सीड (आकडे जिथून सुरू होतात ती संख्या) बदललं, तर अख्ख्या अ‍ॅपचे यादृच्छिक आकडे बदलतात. स्वतःचा वेगळा रँडम ऑब्जेक्ट बनवा. रूट लॉगरला (अख्ख्या प्रोग्रॅमच्या नोंदी सांभाळणाऱ्या सामाईक ऑब्जेक्टला) हात लावू नका. आपल्या नावाचा लॉगर घ्या, त्याला नलहँडलर (नोंदी कुठेच न लिहिणारा हँडलर) जोडा आणि सोडून द्या.

आता क्लास लिहा. समिती, सर्व्हरचा पत्ता, टाइमआउट आणि कॅशे हे सगळं कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे ऑब्जेक्ट बनवतानाच, आत येऊ द्या. जुनी फंक्शन्स त्याच्या मेथड होतील. अ‍ॅपला एकच ऑब्जेक्ट पुरत असेल तर ते एकच बनवेल. ते ठरवणं लायब्ररीचं काम नाही.

जुनी फंक्शन्स लगेच उडवलीत तर वापरणारे वैतागतील, आणि त्यांचं चुकणारही नाही. ती एका डीफॉल्ट ऑब्जेक्टकडे काम सोपवणारी राहू द्या. तो ऑब्जेक्ट इम्पोर्ट होताना नव्हे, पहिल्यांदा लागेल तेव्हा बनवा, तेही लॉक घेऊन; नाहीतर दोन थ्रेड (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारी कामं) एकाच वेळी दोन बनवतील. डेप्रिकेशन वॉर्निंग (हे फंक्शन पुढे काढलं जाईल असा इशारा) देताना स्टॅकलेव्हल 2 ठेवा, म्हणजे इशारा तुमच्या फाइलऐवजी ते फंक्शन बोलावणाऱ्या ओळीवर दिसेल. आवृत्ती 1 मध्ये इशारा, 2.0 मध्ये काढून टाका.

शेवटी टेस्ट. एकाच टेस्टमध्ये दोन समित्यांचे दोन ऑब्जेक्ट बनवा आणि आलटूनपालटून भाव मागा. मग सगळ्या टेस्ट उलटसुलट क्रमाने चालवा. क्रम बदलल्यावर एखादी पडली, तर कुठेतरी ग्लोबल उरलाय. टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टचं एक्सडिस्ट हे प्लगइन या वेळी बंद ठेवा. ते टेस्ट वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये वाटतं, त्यामुळे एकमेकींचं बिघडवणाऱ्या टेस्टची गाठच पडेल असं नाही.