हॉलची वीज परस्पर दुसऱ्या कंपनीकडे गेली तर काय करायचं?
ब्रिटनमधल्या मंडळांच्या, देवळांच्या आणि गावच्या हॉलच्या विश्वस्तांसाठी

सुरुवात बहुतेक वेळा एका पत्राने होते. कधी नावही न ऐकलेली वीज कंपनी 'आमच्याकडे आपलं स्वागत आहे' असं लिहिते, किंवा जुनी कंपनी कळवते की तुम्ही आम्हाला सोडून चालला आहात. कमिटीत विचारावं तर सही कोणीच केलेली नसते. दिवे लागत असतात, हीटिंग चालू असतं, म्हणून पत्र जाहिरात समजून खणात जातं आणि काही महिन्यांनी भलंमोठं बिल आलं की धावपळ सुरू होते.

ब्रिटनमध्ये विजेच्या तारा एका कंपनीच्या असतात आणि बिल दुसरी कंपनी पाठवते. लंडनच्या बऱ्याच भागात तारा यूके पॉवर नेटवर्क्सच्या आहेत. वीज विकणारी कंपनी मात्र ग्राहकाने निवडायची असते. कंपनी बदलली तरी मीटर तेच राहतं आणि एक क्षणही अंधार होत नाही. महावितरणच्या बिलांवर वाढलेल्या माणसाला हे सहज लक्षात येत नाही. मुंबईच्या उपनगरांत टाटा की अदानी हा पर्याय ज्यांनी पाहिला आहे, त्यांना थोडी कल्पना असेल.

अशा बदलाला इथे 'इरोनियस ट्रान्सफर' म्हणतात, म्हणजे वैध करार नसताना झालेला बदल. पत्रव्यवहारात हेच शब्द वापरा. 'आम्हाला तुमची कंपनी नको' असं लिहिलंत तर कंपनी तुम्हाला करार मोडू पाहणारा ग्राहक समजते आणि करार मोडण्याची फी सांगते. घरगुती ग्राहकाला करार केल्यावर विचार बदलण्यासाठी १४ दिवस मिळतात. हॉलचं मीटर बहुधा बिगरघरगुती असतं आणि त्याला ही सवलत नाही. फोनवर तोंडी दिलेला होकारही अशा मीटरसाठी करार ठरू शकतो. म्हणून तुमचं म्हणणं पहिल्या ओळीपासून एकच असलं पाहिजे: आमच्या संस्थेने करार केलेलाच नाही, केला असं तुमचं म्हणणं असेल तर तो दाखवा.

(खालची माहिती इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडसाठी आहे. उत्तर आयर्लंडमध्ये नियामक वेगळा आहे. तिथे कन्झ्युमर कौन्सिलकडे जावं.)

१. आधी घरातली चौकशी

तक्रार करण्यापूर्वी तीन शक्यता तपासा.

पहिली: जुनी कंपनी बुडाली का? २०२१-२२ मध्ये ब्रिटनमधल्या अनेक वीज कंपन्या बुडाल्या आणि त्यांचे ग्राहक ऑफजेम या नियामक संस्थेने दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवले. तसं झालं असेल तर बदल तुमच्या परवानगीविना झाला तरी बेकायदा नाही.

दुसरी: पत्त्याचा घोळ. 'हॉल', 'हॉलच्या मागची जागा', 'युनिट १' असे पत्ते असलेल्या इमारतींत शेजारच्या दुकानदाराने स्वतःसाठी केलेला बदल तुमच्या मीटरवर नोंदला जातो. हे सर्वांत सोपं प्रकरण, कारण यात कोणाचाच हेतू वाईट नसतो.

तिसरी शक्यता नाजूक आहे. गेल्या दोन-तीन महिन्यांत हॉलच्या फोनवर विजेबद्दल कोणाशी बोलणं झालं का, हे प्रत्येकाला विचारा. केअरटेकर, बुकिंग घेणाऱ्या मावशी, माजी खजिनदार, सगळ्यांना. फोन करणारा दलाल (वीज कंपन्यांना करार मिळवून देणारा मध्यस्थ) अनेकदा 'मीटरची माहिती अद्ययावत करायची आहे' किंवा 'तुमच्या सध्याच्या कंपनीच्या वतीने बोलतोय' अशी सुरुवात करतो आणि चार-पाच प्रश्नांना 'हो' मिळवतो. विचारताना आरोपाचा सूर नको. घाबरलेला स्वयंसेवक तपशील लपवतो, आणि याच तपशिलावर पुढचं सगळं उभं राहणार आहे. फोन कधी आला, बोलणारा काय म्हणाला, आपण काय उत्तर दिलं, हे त्यांच्याकडून त्याच दिवशी लिहून घ्या आणि खाली सही व तारीख घ्या.

२. मीटरचा फोटो आणि मीटरचा नंबर

मीटरचा फोटो काढा. त्यात आकडे आणि मीटरचा अनुक्रमांक दोन्ही दिसले पाहिजेत. दिवस-रात्रीचे वेगळे आकडे असतील तर दोन्हींचे फोटो हवेत. दर आठवड्याला एक फोटो काढत राहा. नंतर दोन कंपन्या आकड्यांवरून भांडल्या तर पुरावा तुमच्याकडे असेल.

मग जुन्या बिलावरचा एमपॅन शोधा. मोठ्या 'एस' अक्षराच्या चौकटीत खालच्या ओळीत १३ आकडे असतात, तो तुमच्या वीजजोडणीचा कायमचा नंबर. गॅसचा नंबर एमपीआरएन, तो ६ ते १० आकडी असतो. नव्या कंपनीच्या पत्रातला नंबर याच्याशी ताडून पाहा. एक आकडा जरी वेगळा निघाला तरी तुमच्या प्रकरणाचं उत्तर तिथेच सापडलं.

मीटर सध्या कोणाच्या नावावर आहे आणि बदल कोणत्या तारखेला झाला, हे तारांची मालकी असलेली कंपनी सांगते. गॅससाठी 'फाइंड माय सप्लायर' ही ऑनलाइन सेवा आहे. वीज आणि गॅस दोन्ही असतील तर दोन्ही तपासा. अनेकदा एक गेलेलं असतं आणि दुसरं वाटेत असतं.

३. नव्या कंपनीला पत्र

फोन करा, पण खरं काम लेखीच. ईमेलच्या विषयात 'फॉर्मल कम्प्लेंट: इरोनियस ट्रान्सफर' आणि मीटरचा नंबर. पत्र इंग्रजीतच जाईल; त्याचा आशय असा ठेवा:

"आमच्या संस्थेने आपल्याशी कोणताही करार केलेला नाही. आमच्या घटनेनुसार करार करण्याचा अधिकार फक्त विश्वस्त मंडळाला आहे आणि तसा ठराव झालेला नाही. ज्याच्या आधारे आपण हे मीटर घेतलं तो सही केलेला करार, फोनचं संपूर्ण ध्वनिमुद्रण, दलालाचं नाव आणि त्याच्याकडचं अधिकारपत्र पाठवावं. बदल नोंदवताना जागेचा ताबेदार बदलल्याचं आपण कळवलं होतं का, हेही सांगावं. मीटर पूर्वीच्या कंपनीकडे परत पाठवावं. आपण लावलेल्या सर्व रकमा आम्हाला मान्य नाहीत."

यातला ताबेदाराचा प्रश्न गाळू नका. बिगरघरगुती ग्राहकाचा करार चालू असेल तर जुनी कंपनी बदलाला हरकत घेऊ शकते. ती हरकत टाळण्यासाठी काही दलाल 'जागेत नवा ताबेदार आला' असं खोटंच नोंदवतात. मग जुनी कंपनी हरकत घेत नाही, तुमचं खातं बंद करून शेवटचं बिल पाठवून देते. हे खोडून काढायला हॉलच्या संस्थांकडे भरपूर कागद असतात: लँड रजिस्ट्रीचा उतारा किंवा लीज, धर्मादाय संस्थांच्या नोंदवहीतली नोंद, इमारतीचा विमा, काउन्सिलची बिझनेस रेट्सची बिलं. एकाच नावाची पाच वर्षांची रेट्सची बिलं समोर ठेवली की नव्या ताबेदाराची गोष्ट टिकत नाही.

कंपनीने 'तुमच्या माणसाने फोनवर होकार दिला' असं म्हटलं तर दोन मुद्दे मांडा. त्या माणसाला अधिकार होता असं विश्वस्तांनी कधी भासवलं होतं का? आणि त्याला तो करार आहे हे स्पष्ट सांगितलं होतं का? दोन्हींची उत्तरं ध्वनिमुद्रणात असतात, म्हणूनच ते संपूर्ण मागायचं. अनेकदा फक्त शेवटचा, होकारांचा तुकडा पाठवला जातो; आधीचं विक्रीचं बोलणंही मागा. कंपनी टाळाटाळ करत असेल तर ज्याचा आवाज त्यात आहे त्या स्वयंसेवकाने डेटा संरक्षण कायद्याखाली स्वतःच्या नावाने मागणी करावी. सर्वसाधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. संस्थेला हा हक्क नाही, व्यक्तीला आहे.

४. त्याच दिवशी जुन्या कंपनीलाही

'आम्ही गेलेलो नाही, आमचा करार चालू आहे, हा बदल चुकीचा आहे, मीटर परत घ्या,' इतकं पुरे. मीटर परत घेण्याची व्यवस्था दोन कंपन्यांनी आपसांत करायची असते आणि तुम्ही दोघांपैकी कोणाकडेही तक्रार करू शकता. 'आधी त्यांच्याशी बोला' असं सांगून एकीने दुसरीकडे पाठवलं तर ते नाकारा. दोन्ही ईमेल एकमेकांना कॉपी केले की हा खेळ बराच थांबतो.

परत जाताना जुन्याच दराने जायचं, हेही लेखी घ्या. खातं बंद झालं होतं म्हणून आता नवा करार करा, असा आग्रह होऊ शकतो. जुन्या करारात दर चांगला असेल तर तो सोडू नका.

५. पैसे

इथे माणसं दोन टोकांना जातात: एक तर घाबरून सगळं भरतात, नाही तर काहीच भरत नाहीत. करार सिद्ध होत नसेल तर नवी कंपनी 'डीम्ड' दर लावते, आणि तो ठरावीक मुदतीच्या करारापेक्षा बहुधा बराच महाग असतो. बिल मुकाट्याने भरत राहिलात तर करार मान्य असल्याचा अर्थ काढला जाऊ शकतो.

वापरलेल्या विजेचे पैसे कोणाला तरी द्यावेच लागणार आहेत. म्हणून जुन्या दराने हिशेब करून तेवढी रक्कम दर महिन्याला बाजूला ठेवा आणि ती ठेवली आहे असं दोन्ही कंपन्यांना कळवा. एकाच युनिटचे पैसे दोनदा देऊ नका. नव्या कंपनीने तुमच्या परवानगीविना डायरेक्ट डेबिट लावला असेल तर बँकेला कळवून तो रद्द करा आणि डायरेक्ट डेबिट गॅरंटीखाली पैसे परत मागा.

वीज तोडण्याची धमकी आली तर डगमगू नका. १९८९ च्या इलेक्ट्रिसिटी ॲक्टच्या सहाव्या परिशिष्टात स्पष्ट आहे की जी रक्कम 'जेन्युइनली इन डिस्प्यूट', म्हणजे खरोखर वादात, आहे तिच्यासाठी पुरवठा तोडण्याचा अधिकार वापरता येत नाही. हे तीन शब्द प्रत्येक पत्रात लिहा.

आणखी एक गळती व्हॅटची. धर्मादाय संस्थेच्या बिगरव्यावसायिक वापरासाठी इंधनावर व्हॅट ५ टक्के असतो, एरवी २० टक्के. महिन्याला १,००० युनिटपर्यंत वीज वापरणाऱ्या जागेला कमी दर आपोआप मिळायला हवा. त्याहून जास्त वापर असेल तर पात्र वापर किमान ६० टक्के असल्याचं प्रमाणपत्र कंपनीला द्यावं लागतं. जुन्या कंपनीला दिलेलं प्रमाणपत्र नव्या कंपनीकडे जात नाही. त्यामुळे चुकीच्या बदलानंतरच्या बिलांत २० टक्के व्हॅट आणि क्लायमेट चेंज लेव्ही (व्यावसायिक वीजवापरावरचा पर्यावरण कर) दोन्ही लागलेले दिसतात. हॉल भाड्याने देणं हा व्यावसायिक वापर धरला जातो, तेव्हा टक्केवारी प्रामाणिकपणे काढा.

६. दलालाचा माग

कंपनीने दलालाचं नाव दिलं की त्याच्याकडेही वेगळी तक्रार करा. अधिकारपत्र नीट वाचा: नुसती माहिती मागण्याचा अधिकार दिला आहे, की करारावर सही करण्याचाही? सात वर्षांपूर्वीच्या खजिनदाराने दिलेलं पत्र आजही वापरलं जात असेल तर ते ताबडतोब लेखी रद्द करा. डिसेंबर २०२२ पासून सूक्ष्म व्यवसायांसाठी वीज कंपन्यांना फक्त तक्रार-निवारण योजनेत नोंदलेल्या दलालांबरोबरच काम करता येतं. १० पेक्षा कमी कर्मचारी आणि मर्यादित उलाढाल, किंवा वर्षाला १,००,००० युनिटपर्यंत वीज, अशी ही व्याख्या आहे. जवळपास प्रत्येक हॉल तिच्यात बसतो. दलाल नोंदलेला नसेल तर त्याच्याकडून काम घेतल्याचा जाब वीज कंपनीला विचारा.

सही खोटी निघाली तर प्रकरण फसवणुकीचं होतं. पोलिसांच्या फसवणूक तक्रार सेवेकडे नोंद करा आणि रक्कम मोठी असेल तर (इंग्लंड-वेल्समध्ये) चॅरिटी कमिशनला गंभीर घटना म्हणून कळवायचं का, याचा निर्णय सभेत घेऊन इतिवृत्तात लिहा.

७. आठ आठवड्यांनंतर

तक्रारीच्या तारखेपासून आठ आठवडे झाले, किंवा त्याआधी कंपनीने 'डेडलॉक' पत्र (आमच्याकडून आता आणखी तोडगा निघणार नाही, असं सांगणारं) दिलं, की एनर्जी ओम्बड्समन या वीज-गॅसच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे जा. सेवा मोफत आहे आणि निर्णय तुम्ही स्वीकारला तर कंपनीवर बंधनकारक असतो. डेडलॉक पत्रानंतर १२ महिन्यांच्या आत जावं लागतं. पूर्वी फक्त सूक्ष्म व्यवसायांना हा मार्ग होता; डिसेंबर २०२४ पासून ५० पेक्षा कमी कर्मचाऱ्यांच्या लहान संस्थाही त्यात आल्या. ऑफजेम एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे लिहिण्यात वेळ घालवू नका. मधल्या काळात सल्ला हवा असेल तर इंग्लंड-वेल्ससाठी सिटिझन्स ॲडव्हाइसचा मोफत फोन आहे: ०८०८ २२३ ११३३.

ओम्बड्समनला सगळं सांगण्याचा मोह आवरा. एक पानाची तारीखवार टिपण, मागे क्रमांक घातलेले कागद, आणि शेवटी चार मागण्या: मीटर मूळ तारखेपासून परत, नव्या कंपनीची सर्व बिलं रद्द, जुन्याच दराने एकच हिशेब, आणि झालेल्या त्रासाची भरपाई.

मीटर परत आल्यावर जुन्या कंपनीचं पहिलं बिल फोटोंतल्या आकड्यांशी आणि व्हॅटच्या दराशी ताडून पाहा. नव्या कंपनीकडून शून्य बाकीचं पत्र घ्या, कारण अशी रद्द झालेली बिलं कधीकधी वर्षभराने वसुली एजन्सीकडून पुन्हा येतात. पुढच्या सभेत ठराव करा की विजेचा करार फक्त दोन विश्वस्तांच्या सहीने होईल, आणि हॉलच्या फोनशेजारी एक कागद चिकटवा: विजेबद्दल फोन आला तर 'आमच्याकडे फोनवर करार होत नाहीत, लेखी पाठवा' एवढंच सांगून ठेवून द्यायचा.