घाटात ब्रेक लागेनात तर: सात सीटर गाडीचं पेडल आधी ओळखा, मग पाना हातात घ्या

‘ब्रेक फेल झाले’ असं सांगत गॅरेजात आलेल्या गाडीबद्दल पहिला प्रश्न एकच विचारायला हवा: पेडल कसं लागत होतं? तळाला गेलं, स्पंजासारखं मऊ झालं, दगडासारखं कडक झालं, की पेडल ठीक असूनही गाडी थांबत नव्हती? चारही तक्रारींना आपण एकच नाव देतो, पण दोष चार वेगळ्या ठिकाणी असतात. पायाला काय जाणवलं हे नीट सांगितलं नाही, तर पॅड बदलले जातात, बिल होतं आणि मूळ दुखणं गाडीतच राहतं.

चालत्या गाडीत ब्रेक लागत नसतील तर

१. पेडल मऊ किंवा तळाला जात असेल तर पाय उचलून तीन-चार वेळा भराभर, पूर्ण दाबा. बऱ्याचदा थोडा दाब तयार होतो. तो मिळाला की पाय तसाच दाबून धरा. पेडल कडक झालं असेल तर मात्र पंप करू नका. बूस्टरमध्ये (व्हॅक्यूमच्या ओढीने पायाचा जोर वाढवणारा डबा) दोन-तीन वेळा पुरेल इतकाच व्हॅक्यूम शिल्लक असतो, तो पंप करण्यात संपतो. एकदाच, गरज पडल्यास दोन्ही पायांनी, जोर लावा.

२. गियर एकेक करून खाली आणा. चौथ्यातून थेट पहिल्यात टाकायला गेलात तर गियर बसत नाही, गाडी न्यूट्रलमध्ये अडकते आणि आणखी वेग घेते. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल मोड किंवा एल (लो गियर) वापरा.

३. हँडब्रेकचं बटण दाबून धरून लिव्हर थोडाथोडा वर घ्या. तो फक्त मागच्या चाकांवर काम करतो आणि उतारावर गाडीचा भार पुढे गेलेला असतो, म्हणून एकदम खेचला तर मागची चाकं घसरतात. बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर बटण ओढून धरून ठेवा, बहुतेक गाड्यांत गाडी स्वतः सांभाळून थांबते.

४. चावी बंद करू नका. इंजिन बंद म्हणजे स्टिअरिंग जड आणि बूस्टर निकामी. चावी बाहेर काढलीत तर स्टिअरिंग लॉक होण्याचा धोका वेगळाच.

५. हॉर्न, हेडलाइट, चारही इंडिकेटर चालू करा आणि दरीची बाजू सोडा. गाडी कठड्याला किंवा डोंगराला तिरकी घासत नेणं हे समोरासमोरच्या धडकेपेक्षा कितीतरी बरं. डोंगर उजवीकडे असेल तर समोरची वाहनं बघूनच हे करा.

पेडल दाबलंच जात नसेल तर आधी पाण्याच्या बाटलीचा संशय घ्या. सीटखालून घरंगळत आलेली एक लिटरची बाटली पेडलमागे अडकणं हे सहलीच्या गाडीत अगदी होण्यासारखं आहे. वाकून बघू नका, पायानेच बाजूला सारा. रबरी मॅटवर दुसरी मॅट टाकायची सवयही याच कारणासाठी वाईट.

पेडल काय सांगतं

पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत असेल आणि गाडीखाली कुठे ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या (पेडलचा जोर ब्रेक ऑइलवर टाकणारा मुख्य सिलिंडर) आतले रबर वायसर गेलेत. ऑइल बाहेर सांडत नाही, आतल्या आत मागे सरकतं. ऑइलची पातळी खाली जाते पण गळती सापडत नाही, असं असेल तर मास्टर सिलिंडर आणि बूस्टर यांच्या जोडावर बघायला सांगा. मागचा वायसर गेला की ऑइल बूस्टरच्या पोटात जमतं आणि बाहेरून थेंबही दिसत नाही.

पेडल निम्म्याहून खाली जाऊन मग लागतं, पंप केलं की वर येतं: मागच्या ड्रममधला ॲडजस्टर गंजून जाम झालाय आणि लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) ड्रमपासून लांब राहिलेत, किंवा पाइपात हवा आहे. एकदम अर्ध्यावर गेलं आणि लाल दिवा लागला तर दोनपैकी एका सर्किटचं (ऑइलच्या स्वतंत्र वाटेचं) ऑइल गेलेलं असतं. आजच्या गाड्यांत दोन सर्किट असतात ती एवढ्यासाठीच. उरलेल्या सर्किटवर गाडी थांबते, पण अंतर खूप वाढतं. त्या अवस्थेत गाडी पुढे नेऊ नका.

कडक पेडल म्हणजे बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा व्हॅक्यूम आपोआप तयार होत नाही, त्यासाठी वेगळा पंप असतो. काही गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला असतो, आणि अशा गाडीत पट्टा तुटला की चार्जिंगसोबत ब्रेकचा हलकेपणाही जातो. घरी करायची चाचणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, ते कडक होईल. आता पाय दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली सरकलं पाहिजे. नाही सरकलं तर पंप, व्हॅक्यूमचा रबरी पाइप, त्यातला वन-वे व्हॉल्व्ह, बूस्टर, या क्रमाने तपासा. पेडलजवळ ‘फुस्स’ असा सतत आवाज येत असेल तर बूस्टरचा पडदा फाटलाय.

एक गोष्ट दोष समजू नये. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल पायाला थडथडतं, खालून करकर येते. तो एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, काम करतोय. घाबरून पाय उचलणं हीच चूक. एबीएसचा एकटा पिवळा दिवा लागला तर साधे ब्रेक चालू असतात. त्याच्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी बाजूला घ्या.

पेडल ठीक, गाडी थांबत नाही: उष्णतेचं गणित

लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. माणसं आणि सामान धरून अडीच टनांची सात सीटर हा उतार नुसत्या ब्रेकवर उतरली, तर जितकी उष्णता तयार होते तिच्यात चाळीस लिटर पाणी, म्हणजे दोन मोठ्या बादल्या, उकळीला येईल. इंजिन आणि हवा यातला वाटा उचलतात. तो इंजिनचा वाटा न्यूट्रल टाकून आपणच काढून टाकतो, आणि सगळा भार चार चाकांवर येतो.

इथे दोन वेगळे प्रकार घडतात. पॅड फार तापला की त्याची पकड घटते. पेडल टणक लागतं, करपल्यासारखा वास येतो, गाडी मात्र पुढेच जाते. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा: कॅलिपरमधलं (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जातं. गाडी थंड झाली की पेडल पुन्हा छान लागतं, त्यामुळे गॅरेजमध्ये ‘काहीच दोष नाही’ असं उत्तर मिळतं. दोष जुन्या ऑइलमध्ये असतो.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ताज्या डॉट-४चा (डॉट हा ब्रेक ऑइलचा दर्जा) उत्कलनबिंदू कमीत कमी २३० अंश सेल्सिअस असतो. सुमारे पावणेचार टक्के पाणी शिरलं की तो १५५ पर्यंत येऊ शकतो. डॉट-३साठी हेच आकडे २०५ आणि १४०. कोकणातल्या पावसाळी हवेत वावरणाऱ्या गाडीला दोन वर्षांची मुदत ही चैन नव्हे. किलोमीटर कमी झालेत म्हणून पुढे ढकलू नका, ऑइल उभ्या गाडीतही पाणी पितं.

म्हणून आंबेनळी, कुंभार्ली, आंबोली, माळशेज, कुठलाही घाट असो, ज्या गियरमध्ये तो चढला असता त्याच गियरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून गाडी घसरवत नेण्यापेक्षा वेग वाढला की तीन-चार सेकंद ठाम दाबा, वेग उतरवा, पाय पूर्ण उचला. न्यूट्रलमध्ये डिझेल वाचतं हा समज आजच्या इंजेक्शनच्या गाडीत उलटा ठरतो: गियरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं.

वास आला तर सपाट जागा बघून थांबा, अर्धा तास तरी. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, तिला तडा जाऊ शकतो किंवा ती वाकडी होते. हँडब्रेक न ओढता गाडी गियरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

घरी बघण्यासारखं

ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल मिनच्या (किमान पातळीच्या खुणेच्या) खाली गेलं म्हणून नुसतं भरू नका. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात आणि पातळी आपोआप उतरते. मिनपर्यंत आली असेल तर आधी पॅड मोजा. लोखंडी पाठ सोडून मसाला साधारण ३ मिमी उरला की बदलायचे. नव्या पॅडला तो १० ते १२ मिमी असतो. आतला पॅड हमखास बघा. बाहेरचा जाड आणि आतला संपलेला, म्हणजे स्लाइड पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो ती) किंवा पिस्टन जाम आहे. नुसते पॅड बदलून तेच पुन्हा होणार. पिन साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा, साधं ग्रीस रबर फुगवतं. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते.

मागच्या चाकाची आतली बाजू ओली दिसली तर व्हील सिलिंडर गळतोय की एक्सलचं ऑइल, हे बोटावर ओळखा. ब्रेक ऑइल पातळ आणि बुळबुळीत असतं. गियर ऑइल दाट, गंधकासारखा उग्र वास. तरीही शंका असेल तर थेंब वाटीतल्या पाण्यात टाका. ब्रेक ऑइल मिसळून जातं, गियर ऑइल तवंग धरतं. दोन्ही प्रकारांत भिजलेले लायनर धुऊन वापरायचे नसतात, दोन्ही बाजूंचे बदला.

एखादं चाक तापत असेल आणि जॅकवर चढवून हाताने फिरत नसेल तर त्याचा निपल (ब्रेकमधली हवा आणि ऑइल काढायचा छोटा स्क्रू) किंचित उघडा. थेंब उडून चाक मोकळं झालं, तर दाब अडकून राहिला होता; बहुतेक वेळा रबरी होज आतून फुगलेला निघतो. तरीही चाक घट्टच, तर पिस्टन किंवा पिन.

ऑइल बदलणं आणि हवा काढणं

दोन माणसं, एक लिटर सीलबंद ऑइल (टाकीच्या झाकणावर जो डॉट नंबर लिहिलाय तोच), निपलच्या मापाचा रिंग पाना, पारदर्शक नळी आणि बाटली लागते. डॉट-५ हे सिलिकॉनचं असतं, ते डॉट-३, ४ मध्ये मिसळत नाही, डॉट-५.१ वेगळं. स्टिअरिंग ऑइल तर चुकूनही नको, सगळी रबरं फुगून पूर्ण सिस्टिम बदलावी लागते.

१. गाडी सपाटीवर स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. इंजिन बंद. टाकीतलं जुनं ऑइल सिरिंजने काढून नवीन भरा.

२. पेडलखाली दीड-दोन इंचांचा लाकडी ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरचा तळाकडचा भाग कधी वापरलेला नसतो, तिथे गंज असतो. पेडल तळापर्यंत दाबलं की वायसर त्यावर घासून फाटतात. चांगले ब्रेक ऑइल बदलल्यावर बिघडतात, ते बरेचदा यामुळे.

३. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत साधारण डावं मागचं, उजवं मागचं, डावं पुढचं, उजवं पुढचं. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तो पाळा.

४. नळीचं एक टोक निपलवर, दुसरं बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवा. आतला माणूस पेडल दाबून ‘धरलं’ म्हणतो, बाहेरचा पाव फेरा निपल उघडतो, बंद करतो आणि ‘सोड’ म्हणतो. बंद होण्याआधी पाय उचलला तर हवा उलट आत जाते.

५. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत चालू ठेवा. दर पाच-सहा दाबांनी टाकी बघा. ती रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून, आणि एबीएसच्या ब्लॉकमध्ये हवा शिरली तर स्कॅनर जोडल्याशिवाय ती निघत नाही.

निपल छोटा आणि ठिसूळ असतो. गंजलेला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारा. जोर लावलात तर डोकं तुटून कॅलिपर बदलावा लागेल. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. काही गाड्यांत क्लच याच टाकीवर चालतो, तिथे क्लचचीही हवा काढा.

पॅड बदलले असोत वा ऑइल, गाडी हलवण्याआधी पेडल टणक होईपर्यंत दाबा. मागे ढकललेला पिस्टन पुढे येईपर्यंत पहिले काही दाब रिकामे जातात, आणि पार्किंगमधली भिंत त्याच वेळी लागते. मग मोकळ्या जागेत १० ते १५ किमी वेगाने दोन-तीनदा थांबून बघा. नवे पॅड असतील तर ६० वरून २० पर्यंत मध्यम दाबाने वीस-पंचवीस वेळा वेग उतरवा, मध्ये थंड व्हायला जागा सोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही निपलांना टिश्यू पेपर लावा. ओला झाला तर तो निपल नीट बसलेला नाही.